टॅबमधून काढलेले फोटो पुन्हा का दिसतात आणि जागा का मोकळी होत नाही

आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरी सहा वर्षे वापरलेला अँड्रॉइड टॅब यंदा वाड्यावरच्या वाचनालयाला द्यायचे ठरले. मुलांना त्यावर गोष्टी वाचता याव्यात, शब्दकोश पाहता यावा, एवढाच हेतू होता. देण्यापूर्वी त्यातले घरचे फोटो काढून टाकण्याचे काम माझ्याकडे आले, आणि अर्ध्या तासात उरकेल असे वाटलेल्या या कामाने तीन रविवार खाल्ले. पहिल्या रविवारी गॅलरीतले बहुतेक फोटो निवडून डिलीट केले. नंतर स्टोरेज पाहिले, तर रिकामी जागा होती तेवढीच. दुसऱ्या रविवारी फाइल मॅनेजर उघडून कॅमेऱ्याचा फोल्डरच काढून टाकला. या वेळी जागा बऱ्यापैकी मोकळी झाली. पण संध्याकाळी मोठ्या वहिनीने टॅब उघडला तेव्हा गेल्या चवथीला गणपतीवर बांधलेल्या फळा-पानांच्या माटोळीचे, पुतणीच्या बारशाचे, अंगणात वाळत घातलेल्या सोलांचे असे सगळे फोटो जिथल्या तिथे होते. इतकेच नव्हे, तर त्याच सकाळी बाजारातून आणलेल्या नीरफणसाचा फोटोही त्यात होता, जो या टॅबवर कोणी काढलेलाच नव्हता.

टॅबमध्ये व्हायरस शिरला असावा असे घरातल्यांचे मत पडले. तसे काही नव्हते, आणि टॅब बिघडलेलाही नव्हता. हीच तक्रार गेल्या दोन वर्षांत नात्यातल्या चौघांनी माझ्याकडे केलेली असल्यामुळे कारण आणि उपाय दोन्ही सविस्तर लिहून ठेवत आहे.

कारण कसे सापडले

तिसऱ्या रविवारी पावसाने वीज गेली आणि विजेबरोबर घरचे वायफायही गेले. टॅब बॅटरीवर चालू होता. वेळ घालवण्यासाठी मी फोटो उघडून पाहू लागलो, तेव्हा नीरफणसाचा फोटो धुरकट होऊन मध्येच अडकला आणि त्यावर गोल चक्र फिरत राहिले. माटोळीचेही तेच झाले. आजीचा एक जुना फोटो मात्र लगेच स्वच्छ उघडला, आणि दोन बोटांनी मोठा केला तेव्हा तिच्या नऊवारीच्या काठावरची नक्षीसुद्धा दिसली. म्हणजे आजीचा फोटो खरोखरच टॅबमध्ये होता, आणि बाकीचे टॅबमध्ये नव्हतेच. ते गूगलच्या खात्यात होते आणि टॅब त्यांची केवळ झलक दाखवत होता.

त्या टॅबवर वहिनीचे गूगल खाते जोडलेले होते आणि तेच खाते तिच्या फोनवरही होते. फोनवर काढलेला प्रत्येक फोटो बॅकअप म्हणून खात्यात चढत होता आणि खाते जिथे जिथे उघडलेले आहे तिथे तिथे तो दिसत होता. फाइल मॅनेजरमधून मी टॅबवरची प्रत काढली होती, खात्यातल्या प्रतीला हातही लागला नव्हता. फोटो परत आले असे आम्ही म्हणत होतो, पण ते गेलेलेच नव्हते.

वीज जाण्याची वाट न पाहता ही परीक्षा कोणालाही करता येते. टॅब फ्लाइट मोडवर टाकावा, फोटो उघडावा आणि दोन बोटांनी मोठा करून पाहावा. लहान चौकटीत चित्र दिसते यावर विसंबू नये, कारण ॲप प्रत्येक फोटोची छोटी प्रत स्वतःजवळ राखून ठेवते. नुकताच पाहिलेला फोटोही काही काळ स्पष्ट दिसू शकतो. शंका राहिली तर गूगल फोटोजमध्ये फोटो उघडून बोट खालून वर सरकवावे. खाली जो तपशील येतो त्यात फोटो टॅबवर असेल तर त्याच्या फोल्डरचे नाव असते, आणि बॅकअप झाला असेल तर तेही लिहिलेले असते. दोन्ही नोंदी दिसल्या तर फोटो दोन ठिकाणी आहे, आणि एका ठिकाणचा काढून भागणार नाही, हे तिथेच समजते.

डिलीट केले तरी जागा का मिळत नाही

पहिल्या रविवारची गोष्ट वेगळी होती. तिथे खात्याचा काही संबंध नव्हता. फोटो बिनमध्ये, म्हणजे डिलीट केलेल्या फोटोंच्या कचरापेटीत, जाऊन पडले होते. अँड्रॉइड ११ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत डिलीट केलेला फोटो लगेच पुसला जात नाही. तो त्याच फोल्डरमध्ये लपून राहतो, फक्त त्याचे नाव बदलते: आरंभी एक टिंब, मग इंग्रजीत ‘ट्रॅश्ड’, मग एक लांबलचक आकडा आणि शेवटी मूळ नाव. तो आकडा म्हणजे फोटो कायमचा कधी पुसायचा याची सेकंदांत मोजलेली वेळ असते. फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय सुरू केला की हा सगळा संसार डोळ्यांना दिसतो, आणि मग जागा कोणी अडवली आहे हे सांगावे लागत नाही. असा फोटो साधारण ३० दिवस राहतो. बॅकअप झालेला फोटो गूगल फोटोजमधून डिलीट केला, तर तो तिथल्या बिनमध्ये ६० दिवस राहतो. आयपॅडवर ‘रिसेंटली डिलीटेड’ नावाच्या अल्बममध्ये ३० दिवसांची मुदत असते.

म्हणून ज्यांना जागा आजच हवी आहे त्यांनी बिन स्वतः रिकामी करावी. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की बिन एकच नसते. टॅबबरोबर आलेल्या गॅलरीची वेगळी, गूगल फोटोजची वेगळी आणि पुष्कळदा फाइल मॅनेजरचीही वेगळी असते. आमच्याकडे गॅलरीची बिन रिकामी केल्यावर सुमारे ९ जीबी जागा एका क्षणात मोकळी झाली. खासगीपणाच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे, कारण टॅब हाती घेणाऱ्या मुलाला बिन उघडायला काही विशेष विद्या लागत नाही.

जागा नेमकी कशाने खाल्ली हेही आधी पाहून घ्यावे. साधा फोटो ३ ते ५ एमबीचा असतो, म्हणजे हजार फोटो काढल्यावर ४ जीबीच्या आसपास जागा मिळते. फुल एचडी व्हिडिओचे एक मिनिट मात्र ६० ते १३० एमबी घेते. शिगम्याच्या रोमटामेळाचा वीस मिनिटांचा एक व्हिडिओ काढून टाकला, तर सहाशे फोटोंवर बोट फिरवण्याचे कष्ट वाचतात. त्यामुळे केवळ जागेसाठी आवरायला बसणाऱ्यांनी व्हिडिओंपासून सुरुवात करावी.

आधी काय करावे आणि नंतर काय

या कामात क्रम चुकला तर नुकसान होते, आणि ते आमच्या घरात एकदा झालेले आहे. माझ्या धाकट्या भावाने आपल्या जुन्या टॅबवर गूगल फोटोज उघडले, सगळे निवडले आणि डिलीट केले. टॅब स्वच्छ झाला म्हणून तो निश्चिंत होता. अकराव्या दिवशी त्याचा फोन आला की मार्दोळला झालेल्या त्याच्या लग्नाचे फोटो मोबाइलमधूनही नाहीसे झाले आहेत. झाले होते असे: मोबाइलमध्ये जागा नसल्याने त्याने काही महिन्यांपूर्वी ‘फ्री अप स्पेस’ हे बटण दाबले होते. या बटणाने बॅकअप झालेल्या फोटोंची मोबाइलवरची प्रत निघून जाते आणि फक्त खात्यातली उरते. फोटो मोबाइलवर पूर्वीसारखेच दिसत असल्यामुळे हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. टॅबवरून त्याने जी काढली ती खात्यातली एकमेव प्रत होती. सुदैवाने त्याने बिन रिकामी केली नव्हती आणि ६० दिवसही उलटले नव्हते, म्हणून फोटो परत मिळाले. त्या रात्री त्याच्या घरी कोणी जेवले नसावे, असे त्याच्या आवाजावरून वाटले.

यासाठी पहिली पायरी म्हणजे राखून ठेवण्याजोगे फोटो दुसरीकडे उतरवणे. टॅब केबलने संगणकाला जोडून ‘डीसीआयएम’, ‘पिक्चर्स’ आणि ‘डाउनलोड’ हे तीन फोल्डर हार्ड डिस्कवर घ्यावेत आणि मग त्यातले चार-पाच फोटो संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहावेत. फायलींची संख्या जुळली म्हणून समाधान मानू नये. गूगल फोटोजमधल्या ‘लॉक्ड फोल्डर’मध्ये कोणी काही ठेवले असेल तर ते आठवणीने बाहेर काढावे, कारण ते फोटो सामान्य फोल्डरांत दिसत नाहीत, आणि त्यांचा बॅकअप सुरू नसेल तर ॲपचा डेटा पुसताच ते कायमचे जातात. आमच्या टॅबमध्ये आजीचे फोटो आणि जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याचे दोन फोटो असे होते, जे दुसरीकडे कुठेच नव्हते. शेजाऱ्यांनी दुसऱ्याच रविवारी सरळ फॅक्टरी रीसेट मारण्याचा, म्हणजे टॅबमधले सगळेच पुसून तो नव्यासारखा करण्याचा सल्ला दिला होता. तो मानला असता तर आजी गेली असती.

दुसरी पायरी म्हणजे टॅब आणि खाते यांची जोडणी तोडणे. टॅब घरातच राहणार असेल आणि खाते इतर कामांसाठी हवे असेल, तर गूगल फोटोजमध्ये उजव्या कोपऱ्यातल्या चित्रावर बोट ठेवून बॅकअप बंद करावा आणि त्याच ठिकाणी खात्याविना वापरण्याचा पर्याय निवडावा. टॅब दुसऱ्याच्या हाती जाणार असेल, तर सेटिंग्जमधल्या खात्यांच्या यादीतून ते खातेच काढून टाकावे. खाते टॅबवरून काढल्याने खात्यातले फोटो नष्ट होत नाहीत. ते फोनवर आणि संगणकावर पूर्वीसारखेच राहतात, फक्त टॅबला दिसेनासे होतात. आमच्याकडे एवढे करताच माटोळी, बारसे आणि नीरफणस तिन्ही अदृश्य झाले आणि गॅलरीत खरोखर टॅबवर असलेले शंभरेक फोटोच उरले.

जोडणी तुटल्यानंतरच टॅबवरचे फोटो डिलीट करावेत आणि शेवटी सगळ्या बिना रिकाम्या कराव्यात. हा क्रम पाळला तर टॅबवर काहीही चुकले तरी त्याची झळ फोनला किंवा खात्याला लागत नाही.

ज्यांना खात्यातलीही जागा मोकळी करायची आहे, त्यांचे काम वेगळे आहे आणि ते टॅबवर करू नये. गूगलची १५ जीबी मोफत जागा फोटो, ड्राइव्ह आणि जीमेल यांच्यात वाटलेली असते. १ जून २०२१ पासून चढवलेले फोटो कमी आकाराचे असले तरी साधारणपणे त्या हिशेबात धरले जातात, आणि जागा भरली की नवी ईमेलही येईनाशी होते. हे फोटो संगणकावर, मोठ्या पडद्यासमोर बसून, एकेक वर्ष घेऊन काढावेत.

इतके करूनही काही फोटो उरतात

बहुतेक वेळा ते व्हॉट्सॲपचे असतात. व्हॉट्सॲपचे फोटो कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये नसून इंटर्नल स्टोरेजमधल्या ‘अँड्रॉइड’ या फोल्डरात, त्यातल्या ‘मीडिया’मध्ये, व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या फोल्डरात असतात. आपण पाठवलेल्या फोटोंसाठी तिथे ‘सेंट’ नावाचा उपफोल्डर असतो. एखादा फोटो आपण तीन गटांवर पाठवला की मूळ फोटो कॅमेऱ्यात राहतो आणि त्याची वेगळी प्रत इथे साठते. मूळ काढला तरी ही राहते. त्यामुळे आधार कार्ड, पासबुक, औषधाची चिठ्ठी यांचे फोटो शोधताना हा उपफोल्डर सर्वांत आधी उघडावा. माझ्या अनुभवात घरातली खरी नाजूक कागदपत्रे तिथेच सापडतात, आणि ती तिथे आहेत याची कोणाला कल्पनाही नसते.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’खाली ‘मॅनेज स्टोरेज’ आहे, तिथे कोणत्या गटाने किती जागा घेतली ते उतरत्या क्रमाने दिसते. चवथीच्या आणि दिवाळीच्या शुभेच्छांचे गट बहुधा वरच असतात. त्याच पानावर फोटो आपोआप उतरणे बंद करता येते. मोबाइल डेटा आणि वायफाय या दोन्हींखालच्या खुणा काढाव्यात, नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा हेच करत बसावे लागेल. ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद केली की नवे फोटो गॅलरीत दिसत नाहीत, पण ते टॅबवर उतरतातच आणि जागाही घेतातच. लपवणे आणि काढणे यांतला हा फरक न कळल्यामुळे अनेकांचा गोंधळ होतो.

दुसरी जागा मेमरी कार्डची. कार्ड काढून ठेवले असताना टॅब स्वच्छ दिसतो आणि महिन्याने कार्ड घातले की सगळे फोटो परत हजर होतात. कार्डावरून डिलीट केलेले फोटो संगणकावरच्या साध्या प्रोग्रामनेही पुष्कळदा परत मिळवता येतात, म्हणून टॅब दुसऱ्याला देताना कार्ड देऊच नये. नवे कार्ड काही शेकड्यांत मिळते.

तिसरी जागा फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. पडद्यामागचे चित्र, म्हणजे वॉलपेपर, ही फोटोची स्वतंत्र प्रत असते. मूळ फोटो सर्वत्र पुसला तरी वॉलपेपर तसाच राहतो. पुतणीचा फोटो आमच्या टॅबच्या लॉक स्क्रीनवर शेवटपर्यंत हसत होता आणि तीन रविवार त्याकडे पाहूनही तो काढायचे कोणाला सुचले नाही.

आयपॅड वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आयक्लाउड फोटोज, म्हणजे ॲपलच्या खात्यात फोटो ठेवण्याची सोय, सुरू असेल तर आयपॅडवर डिलीट केलेला फोटो त्याच खात्याच्या आयफोनवरूनही जातो. म्हणून आधी सेटिंग्जमधून आयपॅडपुरते आयक्लाउड फोटोज बंद करावे आणि विचारल्यावर फोटो आयपॅडवरून काढण्याचा पर्याय निवडावा. काही फोटोंना डिलीटचे चिन्हच येत नाही. ते कोणे एके काळी संगणकावरून सिंक केलेले, म्हणजे केबल जोडून उतरवलेले असतात आणि ज्या पद्धतीने आले त्याच पद्धतीने, म्हणजे संगणकाला जोडून सिंक बंद केल्यावरच जातात.

टॅब दुसऱ्याला देताना

आता फॅक्टरी रीसेटची वेळ येते. रीसेटपूर्वी गूगल खाते काढलेले असावे, कारण तसे न करता, सेटिंग्जऐवजी टॅबची बटणे दाबून उघडणाऱ्या रिकव्हरी मेन्यूतून रीसेट केला तर अँड्रॉइड ५.१ पासून टॅब सुरू होताना जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो आणि नवा माणूस अडून बसतो. अँड्रॉइड १० किंवा त्यानंतरची आवृत्ती घेऊनच बाजारात आलेल्या टॅबमधली माहिती कुलूपबंद स्वरूपात साठवलेली असते. रीसेटमध्ये त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते, त्यामुळे मागे उरलेले तुकडे कोणाला वाचता येत नाहीत. त्याहून बरेच जुने टॅब याबाबत भरवशाचे नसतात. त्यांच्यासाठी मी एक साधी युक्ती करतो: रीसेट झाल्यावर कोणतेही खाते न जोडता कॅमेरा सुरू करून टॅब पाठीवर झोपवतो आणि वरच्या नळ्यांच्या छपराचा व्हिडिओ जागा संपेपर्यंत काढत ठेवतो. जुन्या फोटोंच्या जागेवर छप्पर लिहिले जाते. मग पुन्हा एकदा रीसेट करतो. वेळ जातो, पण माणसाला तिथे बसून राहावे लागत नाही.

रीसेटनंतरची चूक मात्र सर्वांत जास्त होते. टॅब सुरू होताना जुन्या उपकरणावरून ॲप आणि माहिती आणायची का असे विचारतो. तिथे नकार द्यावा. घरातल्याच कोणाचे तरी खाते ‘तात्पुरते’ जोडून देणे हेही टाळावे. रीसेट कितीही नीट झाला असला तरी ते खाते जोडताक्षणी त्यातले सारे फोटो नव्या मालकाच्या हाती दिसू लागतात, आणि रीसेट निकामी ठरला अशी तक्रार पुन्हा आपल्याकडेच येते.

आम्ही वाचनालयासाठी वेगळे खाते उघडले, त्यात फोटोंचा बॅकअप पहिल्याच दिवशी बंद केला आणि टॅब एक रात्र वायफायवर सुरू ठेवला. सकाळी गॅलरी रिकामी होती आणि ३२ जीबीपैकी १९ जीबी जागा मोकळी दिसत होती. आठवड्याने वाचनालयात गेलो तेव्हा गॅलरीत चौदा नवे फोटो होते: मुलांनी एकमेकांचे जिभा काढून घेतलेले, आणि एक खिडकीतल्या मांजराचा. ते फक्त टॅबवरच आहेत. दर शनिवारी वाचनालय बंद करताना तिथल्या बाई ते काढून टाकतात आणि बिन रिकामी करतात. मांजराचा तेवढा ठेवला आहे.